बद्धकोष्ठतेवर प्रोबायोटिकची कॅप्सूल : आधी काय आणि मग काय

विचारणा थोडक्यात अशी आहे. सोलापुरात राहणारी आई, वय ५८. आठवड्यातून दोन-तीनदाच पोट साफ होतं, खडा होतो, कुंथावं लागतं. बीपीची, कॅल्शियमची आणि लोहाची गोळी चालू आहे. जेवणात रोज ज्वारीची भाकरी असते, म्हणजे चोथा (फायबर) कमी पडायचं कारण नाही असं घरच्यांना वाटतं. मेडिकलमधून प्रोबायोटिकची दहा कॅप्सूलची पट्टी आणली. पाच दिवसांत फरक पडला नाही, उलट पोट फुगलं. आता कॅप्सूल बदलावी, प्रीबायोटिकची पावडर घ्यावी, की घरचं दही-ताक पुरे?

कॅप्सूल बदलू नका, तूर्त बंद ठेवा. क्रम उलटा झाला आहे. आधी गोळ्यांची तपासणी, मग पाणी आणि चोथा, मग गरज पडली तर प्रीबायोटिक आणि सर्वांत शेवटी प्रोबायोटिक. शेवटच्या पायरीला चार आठवडे द्यावे लागतात, त्यामुळे पाच दिवसांच्या अनुभवावरून ती कॅप्सूल चांगली की वाईट हे ठरत नाही.

आतड्यात काय चालतं ते आधी पाहू, म्हणजे पुढचे आकडे का दिलेत ते कळेल. मलात साधारण तीन चतुर्थांश पाणी असतं. उरलेल्या कोरड्या भागाचा पाव ते निम्मा हिस्सा जिवंत आणि मेलेल्या जिवाणूंचा असतो. माणसाला न पचलेला चोथा मोठ्या आतड्यात पोचला की त्यातला काही भाग जिवाणू आंबवतात. जिवाणूंची संख्या वाढते, मलाचं आकारमान वाढतं, आणि ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी आम्लं तयार होतात. ही आम्लं आतड्याच्या अस्तराला चेतवतात, तिथे सेरोटोनिन नावाचं रसायन सुटतं आणि आतडं पुढे ढकलायला लागतं. प्रीबायोटिक म्हणजे या जिवाणूंपैकी उपयोगी जातींनाच विशेषकरून पोसणारं अन्न. प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा संख्येनं पोटात गेलेला आणि फायदा सिद्ध झालेला जिवंत जिवाणू. 'पुरेशा संख्येनं' आणि 'फायदा सिद्ध झालेला' या दोन अटी बाजारातल्या निम्म्या गोंधळाचा निकाल लावतात.

पट्टी उलटी करून वाचा

कॅप्सूलच्या मागे जिवाणूचं नाव तीन भागांत असायला हवं, उदाहरणार्थ बायफिडोबॅक्टेरियम लॅक्टिस एचएन०१९. पहिला भाग कुळाचा, दुसरा जातीचा, तिसरा वाणाचा. तिसरा भाग नसेल तर त्या जिवाणूवर अभ्यास झाला आहे की नाही हे तपासायला काही मार्गच नाही. सॅकरोमायसिस बोलार्डी किंवा बॅसिलस क्लॉसी असं लिहिलेलं असेल तर ती जुलाबाच्या वेळी देतात ती पट्टी आहे. घरात शिल्लक राहिलेली तीच पट्टी 'पोटाचीच आहे' म्हणून बद्धकोष्ठतेला दिली जाते. सहसा अपाय होत नाही, पण उपयोगही होत नाही.

त्यानंतर संख्या पाहा. पाकिटावर 'बिलियन सीएफयू' लिहितात. सीएफयू हे जिवंत जिवाणू मोजायचं एकक. एक बिलियन म्हणजे १०० कोटी. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार रोजच्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात. बद्धकोष्ठतेवरच्या बहुतेक अभ्यासांत मात्र रोज १०० कोटी ते १,००० कोटी आणि काही ठिकाणी त्याहून जास्त मात्रा वापरलेली आहे. म्हणजे नियम पाळूनही कॅप्सूल कमी मात्रेची असू शकते. ही संख्या कारखान्यातून निघतानाची की मुदत संपेपर्यंतची, हेही पाहा.

तिसरी ओळ गमतीची असते. बऱ्याच पट्ट्यांवर 'प्री आणि प्रोबायोटिक' असं ठळक लिहिलेलं असतं आणि आत फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड १०० मिलिग्रॅम असतं. प्रीबायोटिकचा परिणाम ग्रॅमांत मोजतात. १०० मिलिग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहावा भाग. तेवढ्यासाठी जास्त पैसे देऊ नका. लसणीच्या एका मोठ्या पाकळीतही त्याहून जास्त फ्रुक्टन, म्हणजे त्याच जातीचा न पचणारा पदार्थ, असतो.

गोळ्यांचा हिशोब

तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात आधी खटकली ती गोळ्यांची यादी. लोहाची गोळी मळ घट्ट आणि काळपट करते. कॅल्शियम कार्बोनेटही मळ घट्ट करतं. बीपीच्या औषधांत व्हेरापामिलनं बद्धकोष्ठता सर्वांत जास्त होते, अम्लोडिपिननं काहींनाच. लघवी जास्त करवणाऱ्या बीपीच्या गोळ्या शरीरातलं पाणी काढून तोच परिणाम करतात. याशिवाय दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ॲल्युमिनियमयुक्त अँटासिड, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेलं ॲमिट्रिप्टिलिन आणि सर्दीच्या जुन्या पिढीतल्या गोळ्या, ही सगळी त्याच रांगेतली.

स्वतःहून काहीही बंद करू नका. डॉक्टरांना तीन नेमके प्रश्न विचारा. लोहाची गोळी दिवसाआड चालेल का? पुष्कळांना दिवसाआड घेतल्यानं शोषण बरं होतं आणि पोटाचा त्रासही कमी होतो. कॅल्शियमची खरंच गरज आहे का, आणि असल्यास कार्बोनेटऐवजी सायट्रेट देता येईल का? तिसरा, थायरॉइडची टीएसएच तपासणी, रक्तातली साखर आणि कॅल्शियम अलीकडे पाहिलंय का? थायरॉइड मंद असेल तर जगातली कुठलीही कॅप्सूल ते पोट नीट चालवणार नाही.

ज्वारी खाऊनही कमी कसं पडतं

आता मुख्य भाग. 'आम्ही भाकरी खातो, आम्हाला कशाला चोथा कमी पडेल' हे सोलापुरात घरोघर ऐकू येतं आणि ते अर्धं खरं आहे. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम चोथा असतो. मध्यम भाकरीला ६० ग्रॅमच्या आसपास पीठ लागतं, म्हणजे एका भाकरीत ६ ग्रॅम. आई दोन वेळेला एकेक भाकरी खात असतील तर १२ ग्रॅम. मूठभर भात, त्यात दीड ग्रॅम. वाटीभर तुरीच्या आमटीत साधारण २५ ग्रॅम डाळ, तिचे सव्वादोन ग्रॅम. शेंगाचटणी दोन चमचे, २ ग्रॅम. एक वाटी भाजी, ३ ग्रॅमच्या आसपास. बेरीज २० ते २१ ग्रॅम. प्रौढ माणसाला २५ ते ३० ग्रॅम लागतात. म्हणजे रोज पाच ते दहा ग्रॅमची तूट, आणि ज्या दिवशी भाकरीऐवजी पोहे किंवा भातावर भागतं त्या दिवशी ती दुप्पट होते.

चपातीला उगाच नावं ठेवतात. न चाळलेल्या गव्हाच्या पिठात ज्वारीइतकाच, किंबहुना थोडा जास्तच चोथा असतो. बिघडतं ते बारीक चाळणीनं कोंडा काढून टाकल्यामुळे. ज्वारीचं पीठही मऊ भाकरी यावी म्हणून वस्त्रगाळ केल्यासारखं चाळत असाल तर तो कोंडा कचऱ्यात जातोय.

कडक भाकरीचं वेगळं. सोलापूरची कडक भाकरी महिना-महिना टिकते ती पाणी उडालेलं असतं म्हणूनच. ताज्या भाकरीबरोबर आपोआप पोटात जाणारं पाणी कडक भाकरीबरोबर जात नाही. आमटीत किंवा ताकात चुरून, भिजवून खाल्ली तर उत्तम. शेंगाचटणी-तेलाबरोबर कोरडी खाल्ली आणि वर अर्धा पेला पाणी प्यायलं, तर चोथा पोटात गेला पण त्याला धरून ठेवायला पाणीच नाही. मग तो आतच घट्ट बसतो.

पाण्याचा नेम सोलापुरात ऋतूप्रमाणे बदलायला हवा. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या घरात जातो. थंडीत दोन लिटर पुरत असतील तर त्या दिवसांत तीनपर्यंत जावं लागतं. घामानं गेलेलं पाणी शरीर मोठ्या आतड्यातून ओढून घेतं आणि मळ वाळतो. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसं आहे, गडद असेल तर नाही. विड्या वळायला तासन्‌तास एका जागी बसणाऱ्या बायका आणि यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणारे लोक मुद्दाम पाणी कमी पितात, कारण उठायला सवड नसते आणि जवळ धड संडास नसतो. त्यांच्या बद्धकोष्ठतेचं मूळ तिथे असतं. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलेलं असेल तर मात्र हा सगळा सल्ला डॉक्टरांना विचारूनच.

तूट भरायला एक मध्यम पेरू बियांसकट खाल्ला की ८ ग्रॅमच्या आसपास चोथा मिळतो. एवढं स्वस्त आणि एवढं भरीव दुसरं फळ आपल्याकडे नाही. बियांनी खडा होतो हा समज, पाणी प्यायलं तर, निराधार आहे. डाळिंब आपल्या जिल्ह्याचं, भौगोलिक मानांकन मिळालेलं. पण रस काढला की चोथा गाळणीत राहतो. दाणेच चावून खा. आठवड्यातून तीन-चार वेळा अर्धी वाटी मोडाची मटकी किंवा उसळीचे हरभरे घाला. कडधान्यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या आपल्याला पचत नाहीत, बायफिडो कुळाच्या जिवाणूंना आवडतात, म्हणजे त्या नैसर्गिक प्रीबायोटिकच. गॅसही त्यांच्यामुळेच होतो. आठ-दहा तास भिजवून, ते पाणी टाकून शिजवलं तर गॅस कमी होतो, थोडं प्रीबायोटिकही पाण्याबरोबर जातं. पोट फुगणाऱ्यांनी हा सौदा खुशाल करावा.

कांदा आणि लसूण यांत फ्रुक्टन भरपूर असतं. भाकरीबरोबर बुक्कीनं फोडलेला कांदा ही चांगली सवय आहे. ज्यांना मुळातच पोटात गुबारा धरतो त्यांनी मात्र कच्च्या कांद्यापासून सुरुवात करू नये.

उपवासांचा उल्लेख केल्याशिवाय हा हिशोब पुरा होत नाही. साबुदाण्यात चोथा जवळजवळ नसतो. आषाढी-कार्तिकीला, श्रावणात आणि नवरात्रात तक्रार वाढते त्यात नवल नाही. खिचडीऐवजी राजगिरा किंवा भगर, सोबत साल न काढलेलं उकडलेलं रताळं, शेंगदाण्याची आमटी आणि दोन पेले ताक ठेवलं तर उपवासही होतो आणि पोटही चालतं.

एक सावधगिरी. चोथा एकदम दहा ग्रॅमनी वाढवू नका. दर पाच-सहा दिवसांनी तीन-चार ग्रॅम, म्हणजे पहिल्या आठवड्यात अर्धा पेरू, दुसऱ्यात पूर्ण, तिसऱ्यात उसळ. जिवाणूंची घडी बदलायला तेवढा वेळ लागतो. घाई केली की पोट फुगतं आणि माणूस सगळंच सोडून देतो.

इसबगोल, आणि मग पावडर

एवढ्यानं भागलं नाही तर इसबगोल. ते प्रीबायोटिक म्हणून विकलं जातं, पण त्याचा फारच थोडा भाग जिवाणूंना आंबवता येतो. त्याचा खरा गुण पाणी धरून ठेवण्याचा. जेली होऊन ते शेवटपर्यंत तसंच राहतं आणि मळ मऊ ठेवतं. म्हणूनच त्यानं गॅस फारसा होत नाही आणि नेहमीच्या बद्धकोष्ठतेत चोथ्याच्या सर्व प्रकारांत त्याचाच पुरावा सगळ्यात भक्कम आहे. २०२२ साली झालेल्या अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत दिसलं की चोथ्याची पूरक मात्रा रोज १० ग्रॅमपेक्षा जास्त आणि किमान चार आठवडे घेतली तर परिणाम चांगला मिळतो.

भुसा हलका असतो, त्यामुळे चमच्याचा अंदाज चुकतो. सपाट मोठ्या चमच्यात साधारण ५ ग्रॅम बसतात. पहिला आठवडा सकाळी एक चमचा, नंतर सकाळ-संध्याकाळ एकेक. प्रत्येक चमच्याला पूर्ण पेलाभर, म्हणजे २५० मिली पाणी. ढवळून लगेच प्या, घट्ट होऊ देऊ नका, आणि वर आणखी अर्धा पेला पाणी. आपल्याकडे रात्री अर्धा कप दुधात कालवून आडवं व्हायची जी पद्धत आहे ती सगळ्यात वाईट. पाणी कमी आणि अंग लगेच टेकलेलं. गिळायला त्रास असलेल्या माणसाला इसबगोल देऊच नये, घशात किंवा अन्ननलिकेत बोळा अडकू शकतो. इतर औषधांपासून दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर औषध त्या जेलीत अडकून कमी शोषलं जातं. थायरॉइडच्या गोळीबाबत हे विशेष.

खरं प्रीबायोटिक हवं असेल तर इन्युलिन. चिकोरीच्या मुळापासून काढलेली पांढरी, किंचित गोड पावडर. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१५ साली चिकोरीच्या इन्युलिनला 'शौचाची वारंवारता वाढते' असं म्हणायची मान्यता दिली, ती रोज १२ ग्रॅमच्या मात्रेला. पण १२ ग्रॅम पहिल्या दिवशी घेतले तर रात्रभर पोटात वारा फिरेल. ३ ग्रॅमपासून सुरुवात करा, दर आठवड्याला ३ ग्रॅम वाढवा. ताकात किंवा आमटीत विरघळते. जास्त गॅस होणाऱ्यांना गवारीच्या डिंकापासून केलेली, अंशतः विघटित पावडर रोज ५ ग्रॅम जास्त मानवते, कारण ती हळू आंबते.

लॅक्ट्युलोजचं सिरप पुष्कळ घरांत असतं. ती न पचणारी साखर आहे. पाणी खेचते आणि जिवाणूंचं खाद्यही होते, म्हणजे एका बाटलीत दोन्ही कामं. रोज १५ ते ३० मिली, परिणाम दिसायला एक-दोन दिवस. गॅस होतोच. ज्यांचं पोट आधीच फुगतं त्यांना पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर १७ ग्रॅम, पेलाभर पाण्यात, रोज एकदा. ती जिवाणूंना खाता येत नाही, म्हणून पोट फुगणं त्यामानानं कमी. मार्गदर्शक सूचनांत हिची शिफारस सर्वांत ठाम आहे, आणि प्रोबायोटिकच्या कॅप्सूलपेक्षा हिच्यावर पैसे खर्च करणं बहुतेक वेळा शहाणपणाचं.

फळांत किवीवर चांगले अभ्यास आहेत. रोज दोन हिरवी, चार आठवडे. २०२५ साली ब्रिटनमधल्या आहारतज्ज्ञांच्या संघटनेनं बद्धकोष्ठतेसाठी दिलेल्या सूचनांत इसबगोल, किवी, मॅग्नेशियम ऑक्साइड आणि प्रोबायोटिकचे काही वाण यांना जागा मिळाली, पण 'चोथा वाढवा' अशा मोघम सल्ल्याला पुरेसा पुरावा नसल्याचंही त्यांनी म्हटलं. म्हणूनच वर ग्रॅमांत हिशोब दिला आहे. मॅग्नेशियम मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी घेऊ नये.

सोनामुखी घातलेल्या चूर्णांबद्दल दोनच ओळी. अडलेल्या वेळी, थोडे दिवस, हरकत नाही. त्यानं आतडी कायमची निकामी होतात ही भीती वाढवून सांगितलेली आहे. पण रोज चूर्णानं आतडं पूर्ण रिकामं केलं की पुढचे दोन दिवस शौचाला काही उरतच नाही, माणूस घाबरून पुन्हा चूर्ण घेतो आणि चक्र सुरू होतं.

दही, ताक, आंबील

घरचं दही उत्तम अन्न आहे. प्रोबायोटिक म्हणून त्याची खात्री देता येत नाही. विरजणात कोणते जिवाणू आहेत हे घरागणिक आणि महिन्यागणिक बदलतं, आणि दही लावणारे नेहमीचे जिवाणू जठरातलं आम्ल आणि पित्त यांतून मोठ्या आतड्यापर्यंत फारसे जिवंत पोचत नाहीत. तरी ताकामुळे पाणी पोटात जातं, आणि तेवढा फायदा बद्धकोष्ठतेत छोटा नाही. रोज एक वाटी ताजं दही किंवा दोन पेले ताक घ्या.

दूध कोमट, बोट सहन होईल इतपत, ४० ते ४३ अंशांवर असताना विरजण लावावं. अर्ध्या लिटरला एक छोटा चमचा. मे महिन्यात चार-पाच तासांत लागतं, लगेच फ्रिजमध्ये टाका. बाहेर राहून आंबट झालेल्या दह्यात जिवाणू जास्त असतात असं नाही. आम्ल वाढत गेलं की ते मरायला लागतात. कढी केली की जिवंत काही उरत नाही. ताकाला फोडणी द्यायचीच असेल तर फोडणी वेगळी करून, कोमट झाल्यावर घाला.

आंबिलीचंही तसंच. ज्वारीचं पीठ रात्री भिजवून आंबवलं तरी सकाळी शिजवताना जिवाणू जातात. पण आंबील गार झाल्यावर तिच्यात ताक घातलं की जिवंत जिवाणू परत येतात, आणि शिजून गार झालेल्या पिठातल्या स्टार्चचा थोडा भाग न पचणारा होतो, तो मोठ्या आतड्यात खाद्य म्हणून उपयोगी पडतो. चार मोठे चमचे पीठ, चार पेले पाणी, एक वाटी ताक, मीठ, ठेचलेली लसूण. उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत दोन पेले. शिळी भाकरी ताकात कुस्करून खाण्यातही हाच गुण आहे. भाताबाबत मात्र हे करू नका. सोलापूरच्या उकाड्यात रात्रभर बाहेर राहिलेल्या भातात विष तयार करणारे जिवाणू वाढतात आणि ते विष पुन्हा गरम करून जात नाही.

मेडिकल-डेअरीत मिळणाऱ्या ६५ मिलीच्या छोट्या बाटल्यांत शिरोटा नावाचा लॅक्टोबॅसिलसचा वाण असतो. संख्या भरपूर, ६५० कोटी. बद्धकोष्ठतेवरचा परिणाम संमिश्र आहे आणि साध्या प्रकारात साखर असते. मधुमेह असेल तर लेबल पाहा.

कॅप्सूल घ्यायचीच असेल तर

प्रोबायोटिकचा फायदा खरा आहे, पण लहान आहे. २०१४ साली १४ चाचण्या आणि १,१८२ लोकांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा अन्न आतड्यातून जाण्याचा वेळ सरासरी १२ तासांनी कमी आणि शौच आठवड्याला १.३ वेळा जास्त असं दिसलं. त्यात बायफिडोबॅक्टेरियम लॅक्टिसचा वाटा मोठा होता, शिरोटाचा नाही. २०१५ साली याच जातीच्या बीबी-१२ वाणावर १,२४८ लोकांची चाचणी झाली. शौचाची वारंवारता वाढली, पण पोटाला एकूण बरं वाटण्यात ठळक फरक दिसला नाही. आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एचएन०१९ रोज ७०० कोटी, आठ आठवडे देऊनही दिसायला तशाच पण आत जिवाणू नसलेल्या कॅप्सूलपेक्षा फरक पडला नाही. म्हणजे एकाच जातीचे वाण, एका चाचणीत चालतात, दुसरीत नाहीत. माझं मत विचाराल तर वरच्या पायऱ्या महिनाभर पाळूनही तक्रार उरली तरच ही कॅप्सूल आजमावावी.

आजमावायची रीत अशी. आधी एक आठवडा काहीही न बदलता वही ठेवा : शौचाचा दिवस, कुंथावं लागलं का, पूर्ण मोकळं वाटलं का, आणि मलाचा प्रकार. प्रकारासाठी डॉक्टर ब्रिस्टल तक्ता वापरतात. १ म्हणजे लेंड्यांसारखे सुटे खडे, २ म्हणजे खड्यांचा गोळा, ३ आणि ४ चांगले, ६-७ पातळ. मग तीन भागांचं नाव असलेली एकच कॅप्सूल, रोज एकाच वेळी, जेवणाबरोबर, चार आठवडे. त्या काळात नवं फळ, नवं चूर्ण, नवी पावडर काही नाही, नाहीतर कशानं फरक पडला हे कळणार नाही. कढत चहाबरोबर घेऊ नका. अँटिबायोटिक चालू असेल तर दोन-तीन तासांचं अंतर.

सोलापुरात साठवण हा खरा कळीचा मुद्दा आहे. '२५ अंशांखाली ठेवा' असं लिहिलेली पट्टी मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत तासभर राहिली किंवा पत्र्याच्या दुकानात पंख्याखाली महिनाभर पडली तर त्यातले जिवाणू झपाट्यानं मरतात. कॅप्सूल दिसायला तशीच राहते. फ्रिजमध्ये ठेवणाऱ्या मेडिकलमधून घ्या, बर्फाच्या पिशवीत घरी आणा, मुदतीला किमान सहा महिने बाकी असलेलं पाकीट घ्या. बॅसिलस कोॲग्युलन्ससारखे बीजाणू करणारे जिवाणू उकाडा चांगला सोसतात, पण बद्धकोष्ठतेवरचा त्यांचा पुरावा आणखी तोकडा आहे.

केमोथेरपी चालू असलेल्या, अवयव बदललेल्या, मानेत किंवा छातीत औषधाची नळी घातलेल्या किंवा स्वादुपिंडाला तीव्र सूज आलेल्या रुग्णाला डॉक्टरांच्या परवानगीशिवाय प्रोबायोटिक देऊ नका. अशा शरीरात हेच जिवाणू रक्तात उतरल्याची उदाहरणं आहेत.

सगळं करूनही बिघडतं तेव्हा

चोथा वाढवल्यावर त्रास वाढला, तर कारण बहुधा खालच्या टोकाला असतं. कुंथताना जे स्नायू सैल पडायला हवेत तेच काहींचे आवळले जातात. मळ मऊ असूनही बाहेर येत नाही, बोटानं मदत करावी लागते. जुनाट बद्धकोष्ठतेच्या रुग्णांत हे प्रमाण लक्षणीय आहे. यावर ना चोथा चालतो ना जिवाणू. डॉक्टरांनी बोटानं तपासलं तर अंदाज येतो, आणि पोटविकार केंद्रात बायोफीडबॅक नावाचं स्नायूंचं प्रशिक्षण देतात. घरी कमोड असेल तर पायाखाली २०-२५ सेंटिमीटर उंचीचा पाट ठेवा, उकिडवं बसल्यासारखं होतं. न्याहारीनंतर अर्ध्या तासात आतडं आपणहून हलतं. ती वेळ ठरवून दहा मिनिटं बसा, मोबाइल बाहेर. मिश्री लावल्याशिवाय कळच येत नाही असं सांगणाऱ्यांचं पोट निकोटिननं हलत असतं. गरम पाणी आणि न्याहारीनं तीच वेळ पकडता येते, फक्त आठवडा-दोन आठवडे धीर लागतो.

दुसरी फसगत वयस्कर माणसांत होते. चार-पाच दिवस शौच नाही आणि मग कपड्याला पातळ गळतं. घरचे जुलाब समजून जुलाबाची गोळी देतात. खरं तर आत मोठा खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेनं पातळ झिरपत असतं. इथे इसबगोल किंवा इन्युलिन दिलं तर अडथळ्याच्या वर आणखी भर पडते. आधी एनिमानं किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखाली पॉलिएथिलीन ग्लायकॉलनं खडा मोकळा करावा लागतो.

काहींच्या आतड्यात मिथेन वायू तयार करणारे सूक्ष्मजीव जास्त असतात. मिथेन आतड्याची चाल मंदावतो. अशा माणसाला प्रीबायोटिक जितकं जास्त, तितकं पोट तट्ट आणि शौच तितकंच अडलेलं. ६ ग्रॅम इन्युलिनवरच हे दिसलं तर वाढवत बसू नका, बंद करून इसबगोल किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉलकडे वळा.

मळातून रक्त, कारणाशिवाय वजन घटणं, रक्त कमी असणं, पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालेली बद्धकोष्ठता, मळ सतत पेन्सिलीसारखा बारीक, घरात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास, यांपैकी एकही असेल तर घरगुती उपाय थांबवून दुर्बिणीच्या तपासणीबद्दल विचारा. आईंना लोहाची गोळी का चालू झाली हे नक्की पाहा. रक्त कमी असण्याचं कारण शोधलेलं नसेल तर ५८ व्या वर्षी ते आणि बद्धकोष्ठता यांची सांगड डॉक्टरांनी घालायलाच हवी, कॅप्सूलचा विचार त्यानंतर. आणि पोट फुगून कडक झालं, उलट्या होतायत, वाराही सरत नाही, असं झालं तर रात्र असो की दिवस, थेट सिव्हिलला किंवा जवळच्या मोठ्या इस्पितळात. तोंडानं काहीही देऊ नका.

चार आठवड्यांनी वही उघडा. शौच आठवड्यातून एक-दोनदा जास्त होत असेल आणि प्रकार ३-४ कडे सरकला असेल तर कॅप्सूल आणखी एक-दोन महिने घेऊन थांबवून पाहा. हे जिवाणू आतड्यात कायमचं घर करत नाहीत, थांबवल्यावर एक-दोन आठवड्यांत निघून जातात. त्यानंतरही पोट नीट चाललं तर काम पेरू-उसळीनं आणि पाण्यानं केलेलं आहे, कॅप्सूल लागत नाही. पुन्हा अडलं तर महिन्याचा कॅप्सूलचा खर्च आणि इसबगोलचा खर्च शेजारी लिहून ठरवा. आणि वहीत फरकच नसेल तर दुसऱ्या कंपनीची पट्टी आणायला जाऊ नका, तीच वही घेऊन डॉक्टरांकडे जा.